फोटो पुरेसा नाही: पंद, बाफळी आणि हिंगाच्या कुळाची चित्रं

सातारा-सांगलीतल्या ग्रामपंचायतींच्या कपाटात आता लोक जैवविविधता नोंदवही असते. 2002च्या जैवविविधता कायद्याने ती करायला सांगितली, राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली आणि त्या मुदतीच्या धावपळीत राज्यभर वह्या भरल्या गेल्या. औषधी वनस्पतींच्या तक्त्यात स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वापरायचा भाग, उपयोग असे रकाने असतात आणि जोडीला असलाच तर मोबाइलवर काढलेला एखादा फोटो. वड, हिरडा, गुळवेल यांच्यासाठी तेवढं चालून जातं. छत्रीसारख्या पांढऱ्या-पिवळ्या फुलोऱ्याच्या वनस्पतींना, म्हणजे चामर कुलातल्या वनस्पतींना, तेवढ्याने काहीच साधत नाही. माझं म्हणणं असं आहे की निदान औषधी वनस्पतींच्या बाबतीत नोंदवहीत मोजमाप घेऊन काढलेलं, फळाच्या तपशिलासह पूर्ण केलेलं रेखाचित्र सक्तीचं असावं. हर्बेरियमचा, म्हणजे वनस्पतिसंग्रहाचा, वाळवलेला नमुना आणि फोटो त्याच्या सोबत असावेत, त्याच्या जागी नव्हेत.

ही मागणी हौशी वाटेल, म्हणून आधी हे कुळ पाहू. धने, जिरे, शहाजिरे, ओवा, बडीशेप, शेपू, गाजर, सेलरी, हिंग आणि आपल्या डोंगरांवरची पंद, बाफळी ही सगळी चामर कुलातली. त्याच कुळात कोनियम मॅक्युलॅटम ही युरोपातली वनस्पती आहे, जिच्या विषाने अथेन्समध्ये सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला गेला. स्वयंपाकघरातली निम्मी फोडणी आणि जीवघेणं विष एकाच घरात नांदतं, आणि लांबून दोघांचं रूप सारखंच: पोकळ दांडा, बारीक कातरलेली पानं, वर छत्र. ओळख पटते ती फळावर, खोडाच्या पृष्ठभागावर, पानाच्या देठाचा तळ खोडाला कसा वेढतो त्यावर आणि छत्राच्या काड्यांच्या बुडाशी छदे, म्हणजे लहान पानासारखे भाग, आहेत की नाहीत त्यावर. या चारही गोष्टी वरून काढलेल्या फोटोत येत नाहीत.

हिंग्वाष्टक चूर्ण घ्या. सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, कृष्णजीरक आणि हिंग. आठांपैकी चार द्रव्यं या एका कुळातली आहेत. त्यातल्या अजमोद्याच्या जागी कुठे ओवा पडतो, कुठे सेलरीचं बी. कृष्णजीरक मागितलं तर कुणी शहाजिरे देतो, कुणी कलौंजी देतो, जिचा या कुळाशी काहीही संबंध नाही. यात दुकानदाराची लबाडी असतेच असं नाही. त्याच्यापाशी नाव आहे आणि पोतं आहे. दोन्हींच्या मधली ओळख पटवणारी वस्तू, म्हणजे फळाचं मोठं करून काढलेलं नेमकं चित्र, त्याच्यापाशी नाही आणि पुष्कळदा त्याला माल पुरवणाऱ्यापाशीही नाही.

नेमकं चित्र नसलं की काय होतं याचं सर्वांत जुनं उदाहरण याच गटातलं आहे. आजच्या लिबियात सायरीन हे ग्रीक शहर होतं. सिल्फियम नावाच्या औषधी डिंकावर ते श्रीमंत झालं आणि त्याने आपल्या नाण्यांवर ती वनस्पती छापली. जाड, रेघारेघांचा दांडा, त्याला वेढणारी पानं, वर गोलसर छत्रं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो की त्याच्या काळात एकच दांडा मिळाला आणि तो सम्राट नीरोला भेट म्हणून पाठवला गेला. वनस्पती गेली, नाणी राहिली. नाण्यावरची आकृती फेरुलासारखी दिसते एवढं म्हणता येतं, त्यापुढे जाता येत नाही, कारण छत्राच्या काड्या, फळाचे कंगोरे, पानाची विभागणी यांतलं काहीच तीत मोजलेलं नाही. 2021मध्ये तुर्कस्तानातली फेरुला द्रुदेआना हीच सिल्फियम असावी असा दावा पुढे आला. त्यावर वाद चालू आहे. शहराच्या नाण्यावर शतकानुशतकं छापल्या गेलेल्या वनस्पतीची ओळख आज वादात आहे, हे नोंदवही भरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

फेरुला ही हिंगाची प्रजाती. तिच्यातली सर्वांत ठळक वनस्पती म्हणजे भूमध्य समुद्राकाठची जायंट फेनेल, फेरुला कम्युनिस. दोन ते तीन मीटर उंच दांडा, त्यात हलका गाभा, दोऱ्यासारखी बारीक कातरलेली पानं, पिवळी छत्रं. गाभा आतल्या आत हळूहळू जळत राहतो, म्हणून प्रोमेथियसने देवांकडचा अग्नी याच दांड्यात लपवून आणला अशी ग्रीक कथा आहे. तिची औषधी भावंडं इराण-अफगाणिस्तानच्या बाजूला: हिंग देणाऱ्या दोन-तीन जाती, आणि गॅल्बनम नावाचा धुपाचा डिंक देणारी फेरुला गमोसा. नाकाने आपण हिंग शंभर पावलांवरून ओळखतो, आणि वनस्पतीचं चित्र डोळ्यांपुढे आणायला सांगितलं तर महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत उत्तर मिळणार नाही. डबीत येतो तो डिंक आणि पीठ मिसळलेला बांधानी हिंग. कच्चा माल बाहेरून येतो. लागवडीचा पहिला प्रयोग पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावी 15 ऑक्टोबर 2020 रोजी रोप लावून सुरू केला.

हिंगाच्या ओळखीचा इतिहास चित्रांमधून वाचावा इतका उपयोगी आहे. एंगेलबर्ट केम्फर हा जर्मन वैद्य 1680च्या दशकात इराणमध्ये होता. लारिस्तानच्या डोंगरात त्याने हिंग काढण्याचं काम जाग्यावर पाहिलं आणि 1712मध्ये छापलेल्या ग्रंथात मूळ, पान, दांडा यांच्या चित्रांसह लिहिलं. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसने 1753मध्ये फेरुला असाफेटिडा हे नाव दिलं ते केम्फरच्या वर्णनाच्या आधारावर. पुढे अरल समुद्राच्या बाजूच्या वाळवंटातून हिंगासारखीच एक वनस्पती आली, तिला स्कोरोडोस्मा म्हटलं गेलं. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यू फाल्कनरला 1838मध्ये काश्मीरच्या उत्तरेकडच्या अस्तोर खोऱ्यात तिसरी सापडली, तिचं नाव नार्थेक्स. तिचं बी एडिंबरोच्या बागेत पोचलं, रोपं वाढली आणि 1859मध्ये फुलली. खरा हिंग कुठला यावर एकोणिसाव्या शतकातल्या औषधशास्त्र्यांनी वर्षानुवर्षं वाद घातला. बेंटली आणि ट्रायमेन यांच्या 1875 ते 1880च्या औषधी वनस्पतींच्या संग्रहात डेव्हिड ब्लेअरने 306 वनस्पती चितारल्या. त्यात नार्थेक्स आणि स्कोरोडोस्मा शेजारी शेजारी, वेगवेगळ्या पानांवर आहेत. दोन चित्रं समोरासमोर ठेवली की पानाच्या पाळ्या आणि फुलोऱ्याची रचना यांतला फरक दिसतो. केवळ शब्दांतल्या वर्णनावर हा वाद मिटला नसता.

घोळ मुळात का झाला, तेही या वनस्पतीच्या आयुष्यातच आहे. हिंगाचं झाड काही वर्षं फक्त पानांचा जुडगा काढतं. चार-पाच वर्षांनी एकदा दांडा येतो, फुलतं, बी धरतं आणि मरतं. चीक काढतात तो फुलण्याआधी, मुळाचा माथा उघडा करून, त्यावर पुन्हा पुन्हा चकती कापून. चीक काढणाऱ्याने कापलेल्या झाडाला फूल येतच नाही. फूल पाहणारा वनस्पतिशास्त्रज्ञ वेगळ्या झाडापुढे, वेगळ्या ऋतूत उभा असतो. दोघांनी पाहिलेलं एकाच कागदावर आणणं फक्त चित्राला जमतं: डावीकडे पहिल्या वर्षाचं पान, मध्ये कापलेला मूळमाथा, उजवीकडे फुललेला दांडा, खाली फळ. फोटो एका क्षणाचा असतो. त्यात चार वर्षं मावत नाहीत.

आपल्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, हेच लागू होतं. साताऱ्याच्या पश्चिमेला कासचं पठार 2012मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं. पावसाळ्याच्या शेवटच्या आठवड्यांत तिथे पांढरी छत्रं डुलतात ती पंदाची. शास्त्रीय नाव पिंडा कॉंकनेन्सिस. आधी ही हेराक्लियम या प्रजातीत होती, 1986मध्ये तिच्यासाठी पिंडा ही वेगळी प्रजाती केली गेली, आणि ती प्रजाती पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाही. तिच्या नात्यातली पिवळ्या फुलांची बाफळी डोंगरउतारांवर येते. बाफळीची चपटी, पंख असलेली फळं पोटाच्या तक्रारींवर वापरली जातात. याशिवाय पिंपिनेला गटातल्या पांढऱ्या फुलांच्या जाती आहेत, ज्या चालता चालता पाहिल्या तर पंदाच्या लहान झाडासारख्या भासतात. पर्यटकांचे लाखो फोटो ऑगस्ट-सप्टेंबरातले, छत्राच्या वरच्या बाजूचे. फळं पिकतात ती गर्दी ओसरल्यावर. ओळखीचा पुरावा आणि फोटोंचा हंगाम यांची गाठच पडत नाही.

या भागाचा मूळ वनस्पतिग्रंथ, थिओडोर कुक यांचा 1901 ते 1908 या काळात आलेला मुंबई इलाख्याचा फ्लोरा, शब्दांचा आहे, त्यात चित्रं नाहीत. त्याची वर्णनं अचूक आहेत, पण ती वाचायला फळाच्या कंगोऱ्यांची आणि तैलनलिकांची भाषा यावी लागते. ग्रामसेवकाला आणि वैदूला ती येत नाही, यावी अशी अपेक्षाही नाही. चित्र दोघांनाही वाचता येतं.

चित्रांवरचा सर्वांत जुना आक्षेपही प्लिनीचाच आहे. क्रातेवास आणि इतर ग्रीक वैद्यांनी वनस्पती रंगवून दाखवल्या होत्या. प्लिनी म्हणतो, रंग फसवे असतात, नक्कल करणारे चुका वाढवत नेतात, आणि वनस्पती ऋतूनुसार बदलते, मग एकाच अवस्थेचं चित्र काय कामाचं. आक्षेप खरा आहे. त्यांतल्या शेवटच्या मुद्द्याचं उत्तर 1542मध्ये जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्सच्या वनस्पतिग्रंथात मिळालं. त्यात फूल आणि फळ, दोन ऋतूंतल्या गोष्टी, एकाच चित्रात मुद्दाम एकत्र आणल्या गेल्या, आणि रेखाटणारा, लाकडावर उतरवणारा आणि कोरणारा अशा तिघा कारागिरांची तोंडं नावांसकट ग्रंथाच्या शेवटी छापली गेली. नकलेचा आक्षेप आजही टिकून आहे आणि त्याचा उपाय एकच: नोंदवहीतलं चित्र दुसऱ्या चित्रावरून किंवा इंटरनेटवरच्या फोटोवरून काढलेलं नसावं. ते त्याच शिवारातल्या झाडावरून काढावं, ज्या झाडाचा नमुना हर्बेरियममध्ये जातो त्याच झाडावरून, आणि नमुन्याचा क्रमांक चित्राच्या कोपऱ्यात लिहावा. क्रमांक नसलेलं वनस्पतिचित्र शोभेचं समजावं.

दुसरा आक्षेप आजचा: ओळख सांगणारी अ‍ॅप आहेत, फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. अ‍ॅप उपयोगी आहेत. पण त्यांना फोटोतलं दिसतं तेवढंच कळतं, आणि या कुळात ओळख पटवणारे भाग फोटोत नसतात. शिवाय ढगाळ उजेडात पांढरं छत्र टिपताना फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा तपशील जाळून टाकतो, आणि जवळून घेतलं तर पुढचं फूल स्पष्ट, मागच्या काड्या धूसर. रंग, आसपासची जमीन, झाडाची ठेवण, तारीख आणि ठिकाण यांसाठी फोटो चित्रापेक्षा चांगला आहे, त्यात वाद नाही. त्या कामांसाठी तो घ्यावाच.

चित्राची मर्यादाही सांगायला हवी. भूमध्य समुद्रातल्या सार्डिनिया बेटावर फेरुला कम्युनिसचे दोन प्रकार उगवतात. एक खाल्ल्याने मेंढ्या-बकऱ्यांना रक्तस्राव होऊन त्या मरतात, कारण त्यात रक्त गोठू न देणारं फेरुलेनॉल असतं. दुसरा त्या मानाने निर्धोक आहे. दिसायला दोन्ही सारखे. इथे उत्तम चित्रकारही हतबल आहे, रासायनिक तपासणीच लागते. म्हणजे चित्राने जात कळते, मात्रा किंवा विषारीपणा कळत नाही. ज्या नोंदवहीत चित्राखाली उपचार लिहिला जाईल तिथे हा फरक ठळक लिहावा लागेल.

आता प्रत्यक्ष काम. पंद हे उदाहरण धरतो, कारण त्याच्यात कुळातल्या सगळ्या अडचणी आहेत.

कासचं पठार राखीव वनात आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथलं पानही तोडायचं नाही. चित्रासाठी गावाच्या किंवा मालकीच्या सड्यावरचं झाड निवडावं, तेही भरपूर झाडं असतील तिथलंच, आणि कंद उपटू नये. एका कंदाची माती बाजूला करून माप घ्यावं, रेखाटन करावं, माती परत लोटावी. या गटातल्या काही जातींच्या चिकाने आणि त्यावर पडलेल्या उन्हाने त्वचा भाजते, तेव्हा पूर्ण बाह्या आणि हातमोजे वापरावेत. ढगाळ दिवशीही सवय सोडू नये.

छत्रवाल्या वनस्पती तोडल्यावर लगेच मान टाकतात. तोडायची परवानगी असेल तर सकाळी तोडावी, देठ पाण्याखाली पुन्हा तिरका कापावा, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी. पहिल्या तासात फूल आणि छत्र रेखाटावं, दांडा आणि पान नंतर. पाकळ्यांची टोकं आत वळलेली असतात ती सुकताना अजून वळतात, आणि उशिरा काढलेल्या चित्रात पाकळी टोकाला खाच असल्यासारखी खोटी दिसते. पुंकेसर आधी पिकतात आणि गळतात, किंजल नंतर लांबतात. म्हणून दोन फुलं काढावीत: एक पाच पुंकेसरांसह, एक फक्त दोन किंजल आणि त्यांच्या बुडाची फुगीर गादी दिसणारं. एकच काढलं तर बघणाऱ्याला वाटतं दोन जाती आहेत. पंदाच्या छत्रात कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या आतल्यांपेक्षा मोठ्या असतात. म्हणून कडेचं एक आणि मधलं एक अशीही जोडी लागते.

पावसात कागद टिकत नाही. सड्यावरचं रेखाटन मॅट पॉलिएस्टर फिल्मवर पेन्सिलीने करावं, ओलं झालं तरी रेघ राहते. रंगासाठी वनस्पतिचित्रकार फर्डिनांड बाउअरची पद्धत अजूनही उत्तम आहे. 1786-87मध्ये इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ सिब्थॉर्पबरोबर पूर्व भूमध्य भागात फिरताना तो जागेवर फक्त पेन्सिलीने रेखाटायचा आणि प्रत्येक भागावर रंगाचा आकडा लिहायचा. रंगवलं सगळं नंतर, परत गेल्यावर. गावच्या कामासाठी वीस-पंचवीस छटांचा एक तक्ता बनवून आकडे ठरवले तरी पुरे. नोंदवहीचं मुख्य चित्र काळ्या रेघेचंच असावं, कारण ते झेरॉक्सवर टिकतं आणि पंचायतीत झेरॉक्सच निघते.

मांडणी ए-3 कागदावर करावी, म्हणजे ए-4वर छापताना सुमारे 0.7 पट लहान होते. कागद 300 ग्रॅमचा गुळगुळीत. पेन्सिल 2एच. शाई काळी, पाण्याने न फुटणारी. पेन 0.1, 0.2 आणि 0.3. याहून बारीक निब वापरू नये, लहान केल्यावर रेघ तुटते. ठिपक्यांनी छाया देताना ठिपके दाट भरले तर छपाईत काळा डाग होतो, म्हणून छाया अपुरी वाटेल इतकी विरळ ठेवावी. जेल पेन टाळावा, पुसतो आणि उडतो. उजेड नेहमी डावीकडून वरून.

उंच झाड कागदात मावत नाही. फेरुलासाठी युरोपातल्या चित्रकारांनी जे केलं तेच इथे करावं: पूर्ण झाडाची छोटी आकृती एका कोपऱ्यात, बाकीचे भाग खऱ्या आकाराचे. दांडा तोडून शेजारी शेजारी दाखवावा, तोडल्याची जागा सरळ छेदाने स्पष्ट करावी, नाहीतर फांदी फुटल्यासारखी दिसते. बुडाचं पान आणि दांड्यावरचं पान दोन्ही काढावीत, कारण वर जाताना पानाचं पातं लहान होत जातं आणि देठाचा तळ खोडाला वेढू लागतो. फक्त बुडाचं पान काढणं ही सर्वांत जास्त आढळणारी उणीव आहे.

छत्र काढताना सगळे एकच चूक करतात: सगळ्या काड्या सारख्या लांबीच्या, पंख्यासारख्या एका पातळीत. खरं छत्र घुमट असतं आणि काड्यांची लांबी वेगळी असते. आधी पाच छत्रांच्या काड्या मोजाव्यात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा लिहून ठेवावा. मग काड्या जिथून निघतात तो बिंदू ठरवावा, डिव्हायडरने पुढच्या तीन काड्यांची लांबी घ्यावी आणि त्यांच्या टोकांना छोट्या छत्रांचे लंबगोल हलक्या रेघेने टाकावेत. त्यानंतर बाजूच्या, शेवटी मागच्या. मागच्या काड्या गाळायच्या नाहीत, त्या अर्धवट लपलेल्या दाखवायच्या, म्हणजे आकडा जुळतो. एकच छोटं छत्र संपूर्ण तपशिलाने भरावं, बाकीची बाह्यरेषेत. आणि छत्राची खालची बाजू वेगळी काढावी: मोठ्या छत्राखाली छदे किती, छोट्या छत्राखाली किती, नसतील तर ‘नाहीत’ असं लिहावं.

फळावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. पिकलेलं फळ दोन अर्ध्यांत फुटतं आणि मधल्या दुभंगलेल्या काडीला लोंबतं. प्रत्येक अर्ध्यावर पाच कंगोरे असतात आणि कंगोऱ्यांच्या मधल्या खाचांखाली तेलाच्या नलिका. फळाची पाठ, आतली सपाट बाजू आणि आडवा छेद अशी तीन चित्रं पाहिजेत, पहिली दोन पाच पट, छेद वीस पट. ‘पाच पट’ असं शब्दांत लिहू नये, चित्र लहान-मोठं छापलं की ते खोटं ठरतं. शेजारी मिलिमीटरची पट्टी काढावी.

छेदासाठी वाळलेलं फळ गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून 15 ते 20 मिनिटं ठेवावं. कमी ठेवलं तर फळ तडकतं, रात्रभर ठेवलं तर पेशी फुगून कंगोरे गोल होतात आणि तेल निघून जाऊन नलिका दिसेनाशा होतात. भेंडाच्या गाभ्यात किंवा बटाट्याच्या तुकड्यात चिरीत धरून नव्या ब्लेडने कापावं. गाजर वापरू नये, तेही याच कुळातलं आणि त्याच्या स्वतःच्या तैलनलिका नवख्याला फसवतात. छेद फळाच्या मधल्या तिसऱ्या भागातला हवा. हेराक्लियम गटात तैलनलिका वरून खाली येताना खालच्या टोकापर्यंत पोचत नाहीत, म्हणून खालच्या टोकाचा छेद घेतला तर नलिकाच नाहीत असा निष्कर्ष निघेल. पाच छेद घ्यावेत, त्यांतले तीन एकमेकांशी जुळले की त्यांपैकी एक रेखाटावा. सराव घरच्या डब्यावर करता येतो. बडीशेपेच्या प्रत्येक अर्ध्यात सहा नलिका, पाठीकडे चार आणि सपाट बाजूला दोन. शेपूच्या बियातही सहाच, पण फळ चपटं आणि कडेला पंख. धन्यात नलिका फक्त आतल्या बाजूला दोन आणि ती बाजू खोलगट. हे तीन छेद हाताला बसले की पंद आणि बाफळी अवघड जात नाहीत.

एका वनस्पतीला दोन ऋतू लागतात. फुलांचं काम पावसाळ्यात, फळांचं दिवाळीच्या आसपास, आणि मधल्या काळात तेच झाड सापडावं म्हणून खुणेचा दगड आणि जीपीएसची नोंद. शाईचं काम त्यानंतर दोन-तीन दिवसांचं. महाग आहे, असं कुणी म्हणेल. गावाच्या वहीत शंभर औषधी वनस्पती असतील तर शंभर चित्रं एका वर्षात होणार नाहीत, आणि व्हायला नकोत. पहिल्या वर्षी चामर कुलासारखी घोळाची कुळं घ्यावीत, पाच-सहा जाती. बाकीच्या फोटो आणि नमुन्यावर थांबू शकतात.

हात कुठून आणायचे? राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत, माध्यमिक शाळांत कलाशिक्षक आहेत. साताऱ्यात औंधसारखं गाव आहे, जिथे राजा भवानराव पंतप्रतिनिधींनी, जे स्वतः चित्रकार होते, चित्रांचं संग्रहालय उभं केलं. रेषेवर हात असलेली माणसं या दोन जिल्ह्यांत कमी नाहीत. त्यांना हवा आहे तो वनस्पती जाणणारा सोबती, जो चित्रकाराच्या शेजारी बसून सांगेल की ही रेघ कंगोरा आहे, सुरकुती नव्हे. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांत तो मिळतो. फळाचा छेद चित्रकाराने एकट्याने कापू नये आणि वनस्पतिशास्त्रज्ञाने चित्र एकट्याने मंजूर करू नये. वैदूलाही चित्र दाखवावं. तो ‘आमची बाफळी ही नव्हे’ म्हणाला तर काम थांबवून त्याची बाफळी कुठली ते शिवारात जाऊन पाहावं.

पैशाची सोय कायद्यातच आहे. प्रत्येक जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या पातळीवर स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे. ग्रामसभेच्या ठरावात चित्रासाठी रक्कम, मुदत दोन हंगामांची आणि नमुना क्रमांकाची अट लिहिली की पुरे. राज्य जैवविविधता मंडळाने औषधी वनस्पतींच्या तक्त्यात चित्र, नमुना क्रमांक आणि चित्रकाराचं नाव असे तीन रकाने वाढवावेत. शेवटचा रकाना वरवरचा वाटेल, पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटने मद्रास इलाख्यात ज्यांच्याकडून हजारो वनस्पती चितारून घेतल्या ते रंगैया आणि गोविंदू आज नावाने माहीत आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या इतर कित्येक चित्रकारांची कागदावर सहीसुद्धा नाही. मलबारच्या वनस्पतींवरच्या सतराव्या शतकातल्या बारा खंडांत इट्टी अच्युतन या वैद्याचं आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या कोकणी वैद्यांचं नाव छापलं गेलं, म्हणून त्या ज्ञानाचा उगम आज दाखवता येतो. या ज्ञानातून कुणी मिळवलेला लाभ गावाशी वाटून घेण्याचा प्रश्न उद्या आला तर बाफळीच्या पानावर ती ओळखून देणाऱ्या माणसाचं आणि ती काढणाऱ्या माणसाचं नाव असणं गावाच्या बाजूचा पुरावा ठरेल.

मूळ चित्र पंचायतीच्या कपाटात ठेवू नये, ओल आणि वाळवी दोन्ही तिथे आहेत. मूळ चित्र आणि नमुना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, 1200 डीपीआयची स्कॅन प्रत राज्य मंडळाकडे, छापील प्रत गावच्या वहीत आणि एक प्रत ज्या वैदूने वनस्पती दाखवली त्याच्या घरी.